धबधब्यापाशी

आमच्या आजीला हिंदी कळत नसे. मराठी सिनेमातली मराठीही तिला पुरती कळत नसे, कारण ती पुण्याकडची आणि आजी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातली. तिचा उजवा कान अधू होता. म्हणून सिनेमा टॉकीजमधला असो, गणपतीत भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवरचा असो की दूरदर्शनवरचा, तिच्या डाव्या हाताला माझी जागा ठरलेली. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी आजीला सिनेमे सांगत आले.

तिला गोष्ट सांगावी लागत नसे. तिला नातं हवं असे. पडद्यावर नवा माणूस आला की कोपरानं ढोसून ती विचारी, "थो कोन होय व?" भाऊ होय, नवऱ्याचा दोस्त होय, सावत्र माय होय, एवढं कळलं की पुढचं ती आपलं आपण लावून घेई आणि बहुतेक बरोबर लावी. दुसरा प्रश्न जेवणाचा. नायिका रडत खोलीत गेली की आजीला तिच्या ताटाची काळजी, "जेवली का नाही थे?" हे मला सांगता येत नसे, कारण सिनेमात ते दाखवत नाहीत. मग मी माझ्या मनानं सांगून टाकी, "जेवली, आजी." गाणं लागलं की ती अडकित्ता काढून सुपारी कातरायला घेई. गाणं चालू असताना कोणी मरत नाही आणि कोणाचं लग्न मोडत नाही, तेवढ्यात हातातलं काम उरकून घ्यावं, असं तिचं मत होतं.

सिनेमांविषयी आमच्या घरातली मतं अशी. चांगला, वाईट असं कोणी फारसं म्हणत नसे. बाबांचं ठरलेलं वाक्य "बरा होता." आईचं "रडवलं मेल्यानं." मोठी आई सांगे, "साड्या चांगल्या होत्या." पोस्टरवर 'संपूर्ण कौटुंबिक चित्रपट' असं छापलेलं असायचं. त्याचा अर्थ आम्ही एवढाच घेत होतो की बाबांना मध्येच उठून पाणी प्यायला जावं लागणार नाही.

'माहेरची साडी' १९९१ साली आला. वर्ध्याला तो आम्ही पाहिला तेव्हा मी तिसरीत होते. गावातून यष्टी भरून बाया गेल्या होत्या, काही जणी बंडीनं सेलूपर्यंत आणि पुढे मिळेल त्या गाडीनं. इंटरव्हलला आईनं गोरसपाकाचा पुडा फोडला. वर्ध्याला गेलं की गोरस भांडारातून गोरसपाक घ्यायचाच, हा आमच्याकडचा नेम आहे. पण त्या दिवशी तो कोणाच्या घशाखाली उतरत नव्हता, असं सगळ्या टॉकीजभर रडणं चाललं होतं. आजी मात्र रडली नाही. ती पडद्यावरच्या सासूकडे बघत होती. "हे बाई असं काऊन करून रायली?" असं तिनं मला तीनदा विचारलं आणि मला तीनही वेळा सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आईच्या आधी उठली आणि चुलीवर चहाचं आंधण तिनं ठेवलं. आई उठून आली, चुलीसमोर आजीला पाहून दारातच उभी राहिली. दोघी काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा आईच उठू लागली.

आज मला तो सिनेमा आवडत नाही. बाईनं सोसावं आणि सोसता सोसता मरून जावं, म्हणजे ती थोर, हे त्यात फार गोड करून सांगितलंय. माझ्या लेकीला मी तो दाखवणार नाही. पण तो भिकार होता, असं कोणी समोर म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे आमची चूल येते आणि मी गप्प बसते.

'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. तो आम्ही टीव्हीवर इतक्यांदा पाहिला की पहिल्यांदा कधी पाहिला ते सांगता येणार नाही. सचिन पिळगावकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे बायकांच्या वेषात आले तेव्हा आजीला समजावून सांगावं लागेल म्हणून मी सरसावून बसले होते. तिला काहीच नवल वाटलं नाही. "दंडारीत असतेच न," ती म्हणाली. विदर्भातल्या दंडारीत, खडी गंमतीत बापे साडी नेसून नाचतात, ते तिनं लहानपणापासून पाहिलेलं. तिचा सारा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. सिनेमा संपेपर्यंत ती विचारत होती, "खोली राहिली का मंग त्याईची?" आम्ही सगळे विनोदाला हसत होतो, आणि आजी खोलीच्या काळजीत होती.

पुढे नोकरीसाठी नागपूरला गेले तेव्हा आठ-दहा घरं पालथी घातली. एकटी मुलगी म्हणून एका ठिकाणी नकार, जात विचारून दुसऱ्या ठिकाणी. संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना मला आजीचा प्रश्न आठवला आणि तो सिनेमा पहिल्यांदा कळला. घरमालकानं बाहेर काढलेला अशोक सराफ आणि राहायला जागा नसलेली पोरं, एवढ्यावर सगळं उभं आहे. म्हणून तो मराठी माणसाला जुना होत नाही. शहरात गेलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी खोली शोधलेली असते.

आमच्या घरात व्हिडिओ गेम आला तो १९९६ च्या उन्हाळ्यात. मामानं नागपूरहून, सीताबर्डीवरून आणला. जपानी यंत्राची नक्कल असलेला डबा, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि '९९९९ गेम' असं छापलेली पिवळी कॅसेट. नऊ हजार गेम काही नव्हते. पंधरा-वीसच होते, तेच फिरून फिरून यायचे. आम्हाला ते पुरले.

वर्ध्याचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला त्या दुपारी सांगून कळायच्या नाहीत. पारा पंचेचाळीसच्या वर. अकरा वाजता दारं-खिडक्या बंद, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी, कूलरची घरघर, आणि चार वाजेपर्यंत पोरांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. त्या अंधाऱ्या, ओल्या वासाच्या खोलीत बाबांनी टीव्हीची चकती कट-कट फिरवून फिरवून मुंग्यांमधून गेमचं चित्र शोधून काढलं. कॅसेट लागली नाही की दादा ती काढून तिच्या दातांवर फुंकर मारी आणि परत खोची. मग लागायची. पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की फुंकरीनं काही होत नसे, उलट तोंडातल्या ओलीनं तांबं खराब होई. काढून पुन्हा नीट बसवल्यानं कॅसेट लागायची. पण साऱ्या देशातल्या पोरांनी एकमेकांना न विचारता फुंकर मारली आणि त्या गोष्टीवर माझा अजून जीव आहे.

बंदुकीनं बदकं मारायचा गेम बाबांचा. 'डक हंट', मूळचा १९८४ सालचा. बाबा जागलीला जाणारे, ज्वारीवरची पाखरं गोफणीनं उठवणारे. त्यांचा नेम पक्का होता. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपे, आणि उजेड दिसला तर बदक पडलं असं यंत्र समजे. हे सगळं इतक्या चटकन होई की माणसाला दिसे फक्त एक लखलख. जुन्या डबड्या टीव्हीवरच ते चाले, आजच्या पातळ टीव्हीवर ती बंदूक आंधळी आहे.

एका दुपारी बाबांचे नेम एकामागून एक चुकू लागले. बदक ऐनवेळी वळायचं. बाबा उठून पुढे सरकून बसले, चष्मा पुसला, तरी तेच. मग दादाचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. दुसरा रिमोट माझ्या मांडीवर होता आणि मी सहज बटणं दाबत होते. ज्या बाजूला मी दाबी त्या बाजूला बदक जाई. त्या गेमची तशी सोयच होती, एकानं मारायचं आणि दुसऱ्यानं पाखरू उडवायचं, पण कॅसेटसोबत पुस्तक नसल्यानं आम्हाला कोण सांगणार? बाबा रागावले नाहीत. बंदूक खाली ठेवून म्हणाले, "वाचवून रायली होती का पाखराले?" त्यानंतर तो गेम खेळायचा तर दोघांनी, असंच ठरून गेलं.

'मारिओ' सगळ्यांना आवडायचा. मला वाटतं गेम म्हणून तो आमच्या कॅसेटीत सर्वांत सुंदर होता. १९८५ साली केलेला, आणि आजही त्यातली पहिली उडी मारताना पायाखाली जमीन असल्यासारखं वाटतं. पण घरात खेळायचा गेम म्हणून मी त्याला दुसरा नंबर देईन. दोघं खेळायला बसले तरी मारिओत पाळी असते. एक भाऊ मेला की दुसऱ्याची पाळी. दादा खेळत असला की तो खड्ड्यात पडावा म्हणून मी मनातून वाट पाहत असे, आणि माझ्या वेळी तो. एका सतरंजीवर बसून आम्ही एकमेकांच्या मरणाची वाट पाहत होतो.

'काँट्रा' तसा नव्हता. त्यात दोघं एकाच वेळी. निळ्या पँटचा दादा, लाल पँटची मी. पात्रं बाप्यांची होती, पण त्यानं मला कधी काही अडलं नाही. तीन-तीन जीव मिळायचे, आम्ही त्यांना 'जान' म्हणत असू. पहिला टप्पा जंगलाचा, दुसरा किल्ल्यातला, आणि तिसरा धबधब्याचा. धबधब्यात उजवीकडे पळायचं नसतं, वर चढायचं असतं. दगडावरून दगडावर उड्या, वरून घरंगळत येणारे धोंडे. आणि तिथं एक गोष्ट होती, ती मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये इतकी ढळढळीत पाहिली नाही. जो पुढे चढतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. जो मागे राहतो त्याच्या पायाखालची जमीन पडद्याबाहेर जाते आणि तो मरतो. त्याला गोळी लागलेली नसते, त्याचं काही चुकलेलं नसतं. पुढचा चढला, एवढंच.

पहिले चार दिवस दादा असा सुसाट चढायचा आणि मी मरायचे. तिन्ही जान धबधब्यात जायच्या. मी रडले, रिमोट आपटला, त्याच्या दंडाला चावले. आजी मागे खाटेवर पडून पाहत असायची. तिच्या लेखी गेमही सिनेमाच. तिनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, "थो लाल पोट्टा कोन होय व?"

"मी होय, आजी."

आजी उठून बसली. इतक्या वर्षांत पडद्यावर तिच्या नात्याचं माणूस पहिल्यांदा आलं होतं. पुढचं सगळं तिनं नीट पाहिलं. निळा वर गेला, लाल खाली राहिला आणि नाहीसा झाला, तेव्हा ती दादाला म्हणाली, "तिले येऊ दे न बापा. थांब न थोडा."

दादा थांबला. म्हणजे थांबायला शिकला, त्यालाही दोन-तीन दिवस लागले. एका दगडावर चढायचं, तिथंच उभं राहून वरून येणारे धोंडे चुकवत राहायचं, आणि मी खालच्या दगडावर पोचले की मगच पुढची उडी. थांबणं चढण्यापेक्षा अवघड असतं, कारण धोंडे उभ्या माणसालाही लागतात. माझ्यासाठी थांबून दादाच्या किती जान गेल्या याचा हिशेब नाही. आणि माझ्या संपल्या की त्याची एक मला घेता यायची. तशी सोय त्या गेममध्ये होती, जोडीदाराच्या उरलेल्या जीवांतून एक आपल्याकडे घेण्याची. बटण मी दाबायचं, आणि कमी त्याची व्हायची.

"एक जान घेऊ?"

"घे."

एकदा मी न विचारता त्याची शेवटची घेतली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबर होतं. विचारलं असतं तर त्यानं दिलीच असती.

आठवा टप्पा आम्ही त्या उन्हाळ्यात एकदाच पार केला. एरवी तोवर लाईन जायची. गेम साठवून ठेवायची सोय नसल्यामुळे लाईन आली की पुन्हा जंगलापासून सुरुवात. पोळा आला तेव्हा डबा तुळईवर गेला. पुढच्या वर्षी दादाची दहावी होती.

मग गेम घराबाहेर गेले, आणि हे मला अजून सलतं. दोन हजार सालानंतर वर्ध्याला सायबर कॅफे झाले. पोट्टे शाळा-कॉलेज सुटल्यावर तिथं जाऊन 'आयजीआय' खेळत, 'व्हाइस सिटी' खेळत. एका संगणकामागे चौघं उभे. दादा येऊन मला सगळं सांगे, अगदी मी आजीला सिनेमा सांगे तसं. मी कधी गेले नाही, माझ्या ओळखीची एकही मुलगी गेली नाही. कोणी मनाई केली नव्हती, पण तिथं कोणी मुलगी जात नव्हती. पुढे मोबाइल आला, तेव्हा कुठे गेम परत घरात आला. आमच्या पिढीच्या मुलींची मधली दहा वर्षं त्यात गेली. आज कोणी म्हणतं, मुलींना गेमची आवड नसते. त्यांना मी आमची पिवळी कॅसेट दाखवीन.

त्याच मधल्या काळात 'लगे रहो मुन्नाभाई' आला, २००६ साली. वर्ध्याच्या पोरांना गांधी म्हणजे शाळेची सहल. दरवर्षी सेवाग्राम, दरवर्षी बापू कुटी, ओळीनं चला, हात लावू नका, आणि परत येताना पवनारला धाम नदीवर डबे सोडायचे. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ. आणि इतक्या सहलींत कोणाला ते भेटले नव्हते. नागपूरच्या राजकुमार हिरानींनी ते मुन्नाच्या बाजूला बाकड्यावर आणून बसवले. अगदी शेवट सोडला तर ते फक्त मुन्नालाच दिसतात, त्याच्याशीच हळू बोलतात, बाकीच्या सिनेमाला त्यांचा पत्ता नाही. मला ती जागा ओळखीची वाटली. खुद्द गांधीजींना सिनेमाचं वावडं होतं. १९४४ मध्ये कैदेतून सुटल्यावर जुहूला राहत असताना त्यांनी 'रामराज्य' पाहिला, असं सांगतात. मुन्नाभाई पाहून आल्यावर बाबांनी प्रथमच 'बरा होता' याहून मोठं मत दिलं. म्हणाले, "म्हातारा आपल्या घरचा वाटला." पुढच्या रविवारी ते एकटेच सेवाग्रामला जाऊन आले.

'मी सिंधुताई सपकाळ' २०१० चा, अनंत महादेवन यांचा. सिंधुताई मूळच्या पिंपरी मेघेच्या, वर्ध्याला लागून असलेलं गाव. आम्ही तो टीव्हीवर पाहिला. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे, उजवा कान पार गेलेला, डावाही मंद. मी सवयीनं तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि वाट पाहत राहिले. प्रश्न आला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तिनंच माझा हात धरला आणि मला सांगायला लागली. ही चिंधी होय. हिचा बाप ढोरं राखे. आता हिले घरातून काढन. आता हे गोठ्यात बाळंत होते, पाय. तिनं सिंधुताईंची गोष्ट गावोगावच्या बायांच्या तोंडून ऐकलेली होती, आणि कोण कोणाचं कोण ते तिला मुळातच माहीत होतं. तेजस्विनी पंडित पडद्यावर ज्या क्षणी जे करी, त्याच्या आधी आजी ते मला सांगे. त्या दिवशी आजीनं मला सिनेमा सांगितला. एकदाच. सिनेमा संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला? ती म्हणाली, "खरं हाय."

दोन वर्षांनी ती गेली. २०१८ मध्ये 'नाळ' पाहायला बसले तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच मला उजवीकडे मान वळवून बघावंसं वाटलं. तो चैत्या आमच्याच बोलीत आईशी भांडत होता, हट्ट करत होता. आपली खरी आई वेगळी आहे हे कळल्यावर तो जसा हिरमुसतो, तसं हिरमुसलेलं पोर मी मराठी पडद्यावर दुसरं पाहिलेलं नाही. त्यात आजीला सांगण्यासारखं मला काहीच उरलं नसतं. आपल्या भाषेतला सिनेमा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

दादाचा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे आणि मोबाइलवर 'बीजीएमआय' खेळतो. २०२० च्या सप्टेंबरात 'पबजी'वर बंदी आली तेव्हा तो हिरमुसला होता, २०२१ च्या जुलैत त्याच्या जागी हा आला तेव्हा उड्या मारत होता. दादा त्याच्या नावानं बोटं मोडतो. कानात बोंडं घातलेली, जेवायला हाक मारली तर ओ नाही. दादाचं खोटं नाही, वावरात कापूस फुटलेला असताना पोरगं खाटेवर आडवं पडून गोळ्या झाडतं, हे कुठल्या बापाला बघवेल? पण मी एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसून नुसतं ऐकलं. चौघं दोस्त चार गावांतून बोलत होते. "नॉक झालो बे, रिव्हाइव्ह दे." आणि हा आडोसा सोडून, गोळ्या चुकवत, रांगणाऱ्या दोस्तापाशी गेला आणि त्याला उठवेपर्यंत तिथंच बसून राहिला. त्यात दोघंही मेले. मी दादाला सांगितलं, तुझाच आहे. पैसे लावायच्या रमी-फिमीबद्दल मात्र मी दादाच्या बाजूची. त्यांना मी गेम म्हणत नाही, आणि २०२५ च्या ऑगस्टात संसदेनं त्यांच्याविरुद्ध कायदा केला त्याचा मला मनापासून आनंद झाला. आमच्या शिवारात त्यापायी गेलेलं एक एकर मला माहीत आहे.

माझी लेक नऊ वर्षांची. तिचा गेम 'माइनक्राफ्ट'. चौकोनी ठोकळ्यांचं जग, मातीचे ठोकळे, पाण्याचे ठोकळे, गाईसुद्धा चौकोनी. दिवाळीत आम्ही गावी गेलो तेव्हा ती टॅब घेऊन बाबांच्या खाटेवर बसली. बाबा आता पंच्याहत्तरीचे. थोड्या वेळानं माझ्या कानावर ओळखीचा सूर आला, "हे का होय?"

"शेत आहे, आबा. गहू लावलाय."

मग ती दोघं तासभर उठली नाहीत. बाबांनी आयुष्यभर जे केलं त्याची त्यांनी त्या ठोकळ्यांमध्ये कसून तपासणी केली. मधोमध एक ठोकळा पाणी ठेवलं की चहूकडे चार-चार ठोकळे ओल जाते, हे ऐकून त्यांनी मान हलवली. म्हणाले, "आपल्या काळ्या जमिनीत जाते अशी, मुरमाड असती तर गेली नसती." ओल धरलेली माती गडद दिसते, ते त्यांना फार पटलं. पेरलेल्या जागी उडी मारली तर माती दबून पीक जातं, हेही. हाडांची भुकटी टाकली की रोप वाढतं म्हटल्यावर ते हसले, त्यांच्या वडिलांनी हाडाचं खत घातलेलं त्यांना आठवत होतं. पाऊस पडतो का? पडतो. मग ते म्हणाले, "पऱ्हाटी लाव."

लेकीनं सगळी बियाणं दाखवली. गहू, गाजर, बटाटा, बीट, भोपळा, कलिंगड, ऊस. पऱ्हाटी नव्हती. बाबांना खरंच वाटेना. हिंगणघाटचा कापूस कधीकाळी विलायतेच्या बाजारात नावानं ओळखला जाई, त्या जिल्ह्यातला माणूस. "कापूस नाही त कपडे कशाचे घालते हे लोक?" त्यांनी विचारलं. लेकीला उत्तर आलं नाही. तिनं एक मेंढी शोधली आणि कातरीनं तिची लोकर काढून त्यांना दाखवली. बाबा म्हणाले, "बरा हाय गेम. पण अर्धा हाय."

रात्री जेवणं झाल्यावर तिनं मलाही खेळायला घेतलं, आणि दादालाही. तिघांचे तीन पडदे, एकाच्या मोबाइलवरून हॉटस्पॉट. दादा पंचेचाळिशीला आलेला, दिवसभर वावरात राबलेला. त्याची बोटं काचेवर घसरत होती. त्यानं निवडलेला माणूस निळ्या पँटचाच होता. ते मी त्याला बोलून दाखवलं नाही.

त्या जगात दिवस-रात्र मिळून वीस मिनिटांची असते. अंधार पडला की भुतं निघतात. लेकीनं फळ्यांचं लहानसं घर केलं होतं. तीन लोकरी आणि तीन फळ्या जोडून एक खाट होते, तशा तीन खाटा तिनं ओळीनं मांडल्या. मी आत आले, खाटेवर आडवी झाले. ती माझ्या बाजूच्या खाटेवर. पण रात्र सरेना. काळोख तसाच.

"काय झालं?" मी विचारलं.

"मामा बाहेर आहे अजून," ती म्हणाली. "सगळे झोपल्याशिवाय सकाळ होत नाही ह्यात." आणि तिनं ओसरीवर बसलेल्या दादाला हाक मारली, "मामा, घरी ये ना, झोपायचंय!"

"कोठी हाय घर? मले दिसून नाही रायलं."

"टेकडीच्या खाली. उजेड लावलाय मी."

"थांबा," दादा म्हणाला. "येऊन रायलो."

लेकीनं उठून दाराबाहेर आणखी एक मशाल रोवली आणि परत येऊन पडली. आम्ही दोघी खिडकीकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं टेकडीच्या उतारावर, दर दोन पावलांनी चुकून उडी मारत, निळ्या पँटचा एक माणूस खाली येताना दिसला.